दुकानाची किल्ली मी दुसऱ्याच्या हातात दिली

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं दुकान आहे. नऊ फूट रुंद, वीस फूट खोल. तांब्या-पितळेची भांडी, समया, पळी-पंचपात्र, रुखवताचे सेट. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि माझे यजमान बघतो. गेल्या वर्षी, दुकान गुगलवर वर आणून देतो म्हणणाऱ्या एका कंपनीकडून आमची १ लाख ३ हजार ८०० रुपयांची फसवणूक झाली. आमच्यासारख्या दुकानाला ही रक्कम किती मोठी, ते गल्ल्यावर बसणाऱ्याला सांगावं लागणार नाही. हे लिहायला घेतलं, कारण त्यांच्या कार्यक्रमाच्या हॉलमध्ये माझ्यासारखे पन्नास-साठ जण बसले होते आणि तसे कार्यक्रम अजून होतात.

धंदा एका दिवसात बसला नव्हता. कोरोनाने २०२० आणि २०२१ अशा दोन लगीनसराया खाल्ल्या. मग गावठाणात रस्ते खोदले गेले. गिऱ्हाईक रविवार कारंज्यापर्यंत यायचं आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून परत फिरायचं. तांब्याचा भाव चढला. पूर्वी बायका जुनी कळशी मोडीत घालून, वरची घडणावळ देऊन नवी न्यायच्या. आता मोड घालतात आणि रोख पैसे घेऊन जातात. संध्याकाळी गल्ला मोजताना आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

अशा वेळी फोन आला. मंदीत धंदा कसा वाढवायचा यावर मोफत कार्यक्रम, मुंबई नाक्याजवळच्या हॉटेलात, चहा-नाश्ता त्यांच्याकडून. बोलणारा मुलगा तिशीतला, शुद्ध मराठी बोलणारा, नम्र. तो जे बोलला त्यातलं बरंचसं खरं होतं, आणि मी फसले ती त्यामुळेच. तो म्हणाला, गिऱ्हाईक आधी मोबाईलवर शोधतं आणि मग घराबाहेर पडतं. खरं आहे. तो म्हणाला, २०१५च्या सिंहस्थात लोकांनी विचारत विचारत दुकानं शोधली, २०२७मध्ये नकाशा बघून शोधतील. हेही पटण्यासारखं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "जो आज वर दिसेल तोच कुंभात विकेल. गुगलवर पहिल्या नंबरची लेखी हमी देतो, पण आज नाव नोंदवणाऱ्या पहिल्या दहा जणांनाच." लगेच दोघे उठले. एक म्हणाला, माझी विक्री तिप्पट झाली. दुसऱ्याने तिथेच पैसे भरले. पुढे काही महिन्यांनी जळगावच्या अशाच कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहिला, त्यात तेच दोघे उठताना दिसले.

गुगल स्वतः सांगतं की पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही. शोधात खाली येणाऱ्या साध्या निकालांतली जागा विकत मिळत नाही. पैसे देऊन वर येते ती जाहिरात, आणि तिच्यावर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. नकाशावरची दुकानाची नोंद तर पूर्ण मोफत असते. हे मला तेव्हा माहीत असतं तर हमी हा शब्द ऐकूनच मी उठले असते.

मी भरले ३५ हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१ हजार ३००. पावती मिळाली, त्यावर जीएसटी क्रमांकही होता. तो क्रमांक सरकारी पोर्टलवर कोणालाही फुकट तपासता येतो. मी तपासला तो सहा महिन्यांनी, तेव्हा तो चालू नव्हता. करारनामा इंग्रजीत होता. चौथ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की परिणामांची कोणतीही हमी नाही. माझी सही त्याच पानावर आहे.

दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी दुकानात आली. "ताई, सेटिंगसाठी तुमच्या मेलचा पासवर्ड लागेल, आणि आता एक ओटीपी येईल तो सांगा." मी सांगितला. आमची नकाशावरची नोंद पुतण्याने २०१७ साली केली होती. तिच्यावर सव्वाशेच्या वर अभिप्राय होते, सगळे खऱ्या माणसांचे. येवल्याच्या एका ताईने आजीच्या बंबाची तोटी आम्ही बसवून दिली म्हणून पाच ओळी लिहिल्या होत्या, फोटोसकट. त्या दुपारी त्या मुलीने नोंदीचं मालकपद स्वतःच्या कंपनीकडे घेतलं आणि आम्हाला नुसतं व्यवस्थापक करून ठेवलं. मला वाटलं, काम सुरू झालं.

पुढचे चार महिने जाहिरातीचे म्हणून दरमहा १५ हजार. जाहिरात त्यांच्या खात्यातून चालायची, त्यामुळे खरोखर किती खर्च होतो ते मला कधी दिसलंच नाही. महिन्याच्या शेवटी एक चित्र यायचं, जाहिरात १ लाख ८० हजार लोकांपर्यंत पोहोचली. एकदा इच्छुक गिऱ्हाइकांची यादी आली, २१२ नंबर. मी दुपारच्या रिकाम्या वेळेत साठ जणांना फोन केले. कोणी पाटण्याचं, कोणी कोट्याचं. एका बाईने सांगितलं, मी तर मोबाईल बक्षीस मिळेल म्हणून फॉर्म भरला होता. भांडी हवी असलेला एकही नाही. मधेच 'उद्यम नोंदणी करून देतो, अनुदान मिळेल' म्हणून २,५०० घेतले. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२०पासून सरकारी पोर्टलवर होते. आधार आणि पॅन घेऊन स्वतःच भरायची, एक रुपयाही फी नाही. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारलं असतं तरी कळलं असतं.

मग एका सकाळी आमच्या नोंदीवर एकदम ४३ नवे पंचतारांकित अभिप्राय आले. त्यातल्या एकात लिहिलं होतं, "जेवण उत्तम, पुन्हा येऊ." मी घाबरून फोन केला तर म्हणाले, सगळेच असं करतात. थोड्याच दिवसांत गुगलने ते काढले, आणि त्याबरोबर काही जुने खरेही गेले. येवल्याच्या ताईंचा अभिप्राय त्यात गेला. याचं मला आजही वाईट वाटतं. तो मी विकत घेतला नव्हता, कमावला होता.

पाचव्या महिन्यात मी पैसे थांबवले. आठवडाभराने सिन्नरचे एक जुने गिऱ्हाईक स्वतः दुकानात आले. मुलीच्या लग्नासाठी समयांची जोडी हवी होती. म्हणाले, "वहिनी, दुकान बंद केलंत म्हणून दाखवतंय. फोन लावला तर भलताच माणूस उचलतो." मोबाईल काढून बघितलं. आमच्या दुकानाच्या नावाखाली लाल अक्षरात, कायमचे बंद. फोन नंबर दुसराच. सासरे शेजारी बसले होते, त्यांनी ते वाचलं. काही बोलले नाहीत, उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. त्यांनी चाळीस वर्षं रोज शटर उघडलं आहे.

कंपनीला फोन केला तर उत्तर आलं की नोंद परत हवी असेल तर २० हजार भरा. मुंबई नाक्यावरच्या कचेरीत गेले, तर ती जागा तासाने भाड्याने मिळणारी होती आणि हे लोक सोडून गेले होते.

२० हजार दिले नाहीत. शेजारच्या दुकानदाराची मुलगी बीसीए करते, तिने मार्ग काढला. गुगलकडे मालकीची मागणी नोंदवता येते. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. त्याने उत्तरच दिलं नाही तर स्वतः पडताळणी करून नोंद मिळण्याची वाट असते. त्यांनी उत्तर दिलं नाही. पडताळणीसाठी व्हिडिओ लागला. आधी गल्ली, मग पाटी, मग कुलपाला किल्ली लावून शटर उघडताना, मग आत बिलबुक. ती मुलगी मोबाईल धरून उभी आणि सासरे किल्ली फिरवत होते. नोंद आमच्या नावावर परत आली, नंबर दुरुस्त झाला. लगीनसराईतले किती फोन त्या दुसऱ्या माणसाने उचलले, ते मात्र कधीच कळणार नाही.

पैशांचं अजून काही झालेलं नाही. ऑनलाइन पैसे गेले की १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा असतो, कारण पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येऊ शकतं. मी लाजेपोटी दोन महिने घरातही पूर्ण सांगितलं नाही. नंतर राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार केली, ती चालू आहे. ग्राहक आयोगाबाबत वकिलांनी एक गोष्ट सांगितली, ती छोट्या दुकानदारांनी ऐकून ठेवावी. २०१९च्या कायद्यात व्यापारासाठी सेवा घेणाऱ्याला ग्राहक धरत नाहीत. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना अपवाद आहे, पण त्यात सेवेचं नाव नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. तो अपवाद आम्हालाही मिळावा, असा अर्ज आम्ही तयार करतो आहोत.

माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे. मार्केटिंगचं काम द्या, चांगली कामं करणारी मुलं नाशकात आहेत. पण नकाशावरची नोंद, वेबसाइटचं नाव, जाहिरातीचं खातं, तिन्ही तुमच्या मेलवर आणि तुमच्या नावावर असू द्या. त्यांना फक्त व्यवस्थापक करा. जाहिरातीचे पैसे तुमच्या कार्डातून थेट जाऊ द्या, म्हणजे रुपयान् रुपया दिसेल. ओटीपी कोणालाही सांगू नका, ताई म्हणणाऱ्याला तर नाहीच.

आम्ही नंतर काय केलं तेही सांगते. जुनी बिलबुकं काढली. त्यात दहा वर्षांच्या गिऱ्हाइकांचे नंबर होते, वहीत तसेच पडलेले. व्हॉट्सअॅप बिझनेस मोफत आहे, त्यात भांड्यांचे फोटो, वजन आणि भाव टाकले. दिवाळीआधी रोज पंधरा-वीस जणांना मी स्वतः फोन केला. भांडी घ्या असं म्हटलं नाही. शनिवारी दुकानापुढे कल्हईवाले बसतील, घरातली पितळेची पातेली घेऊन या, एवढंच सांगितलं. पहिल्या शनिवारी अकरा जण आले, तिसऱ्या शनिवारी रांग लागली. कल्हई होईपर्यंत लोक आत येऊन बसायचे, समया हातात घेऊन बघायचे. धनत्रयोदशीला पाच वर्षांत पहिल्यांदा रात्री दहापर्यंत दुकान उघडं होतं. येवल्याच्या ताईंनाही फोन केला होता. त्या बंब घेऊन आल्या आणि अभिप्राय पुन्हा लिहून गेल्या.

त्या दिवशी हॉलमध्ये असलेल्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट, करारनामा आणि त्यांचे आवाजी निरोप पुसू नका. भांडी बाजारात येऊन मला भेटा. आत्तापर्यंत आम्ही चौघे जमलो आहोत, त्यात सातपूरचा एक फॅब्रिकेशनवाला आणि नाशिकरोडची एक ब्युटी पार्लर चालवणारी ताई आहे. तक्रार एकत्र करायची आहे.