फोमचं लाइफ जॅकेट घ्यावं की फुगणारं?

पोहता येत नसेल किंवा लहान मुलासाठी घेत असाल तर फार विचार करूच नका, फोमचं घ्या. ज्यांना नीट पोहता येतं आणि जे बोटीवर तासन्‌तास असतात त्यांच्यासाठी मात्र खरंच विचार करण्यासारखं आहे.

फोमचं अंगात चढवलं, बकल लावली की काम झालं, पाण्यात पडल्या क्षणापासून ते तरंगवतं. फुगणारं मात्र पाण्यात पडेपर्यंत गळ्यातला नुसता जाडसर पट्टा असतो, आत घडी केलेली पिशवी आणि कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलेंडर. ऑटोमॅटिक असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये पाण्यात विरघळणारी गोळी असते, ती विरघळली की स्प्रिंग सुटते, सिलेंडरला भोक पडतं आणि काही सेकंदांत जॅकेट फुगतं. मॅन्युअल असेल तर दोरी आपणच ओढायची, आणि माझं भांडण इथेच आहे, कारण गार पाण्यात अचानक पडलं की पहिलं मिनिटभर श्वासच आवरत नाही, माणूस धापा टाकत असतो, तेव्हा त्याने शांतपणे दोरी शोधून ओढावी ही अपेक्षा मला तरी जास्त वाटते.

मग फुगणारं घ्यायचंच कशाला? तर उकाड्यात फोमचं जॅकेट लोक अर्ध्या तासात काढून बाजूला टाकतात, हे हलकं असतं, हात मोकळे राहतात, म्हणून अंगावर टिकतं. शिवाय फुगल्यावर ताकदही भरपूर, साधारण १५० न्यूटन किंवा जास्त.

हा न्यूटनचा आकडा लेबलवर बघाच. १० न्यूटन म्हणजे अंदाजे १ किलो वजन वर धरायची ताकद. आपलं शरीर बरंचसं आपोआप तरंगतं, त्यामुळे डोकं पाण्यावर राहायला मोठ्या माणसालाही साधारण ३ ते ५ किलोचाच आधार पुरतो. पण ५० न्यूटनवालं, कयाकवाले घालतात ते, बेशुद्ध माणसाला उताणं करत नाही, ते पोहणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असेल तिथेच. पोहता येत नसेल तर फोमचंच पण कॉलरवालं, निदान १०० न्यूटनचं बघा, तेही शांत पाण्यासाठी. खुल्या समुद्रात १५० लागतं आणि जड कपडे, अवजारं अंगावर असतील तर २७५.

देखभालीत फोम सरळ जिंकतं. त्याच्यावर बसू नका, फोम दबून ताकद कमी होते, आणि सावलीत वाळवा, बस. फुगणाऱ्याचं मात्र दर वेळी निघण्याआधी सिलेंडर घट्ट आहे ना बघायचं, एकदा फुगलं की सिलेंडर आणि गोळी नवीन, मधूनमधून तोंडाने फुगवून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी हवा गेली का बघायचं. एवढं करणार नसाल तर प्लीज घेऊ नका. आणि ते रेनकोटच्या आत कधीच घालू नका, फुगलं की छाती आवळते. जेट स्कीसाठी तर नकोच, वेगात पाण्यावर आपटण्यासाठी ते बनलेलंच नसतं.

आता फिटिंग, कारण महागातलं जॅकेटही ढिलं असेल तर काही कामाचं नाही. सगळी बकलं लावा, हात वर करा आणि दुसऱ्याला खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा, जॅकेट हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. मुलांसाठी वय नाही, लेबलवरचा वजनाचा आकडा बघायचा. कपड्यांसारखं वाढत्या अंगाचं अजिबात घेऊ नका!! मूल त्यातून खाली निसटतं. पायांमधून जाणारा पट्टा, मानेमागे कॉलर आणि ओढून घ्यायला हँडल, या तीन गोष्टी लहानग्यांच्या जॅकेटला असल्याच पाहिजेत. दंडाला लावायचे हवेचे फुगे आणि रिंग ही खेळणी आहेत, लाइफ जॅकेट नाहीत.

कुठलंही घेतलंत तरी आधी उथळ पाण्यात, कोणीतरी जवळ असताना ट्राय करा. आणि "सीटखाली ठेवलंय, लागलं तर घालू" म्हणणाऱ्याला तिथेच कमरेभर पाण्यात उभं करून पाय न टेकता ते अंगात चढवायला सांगा.