क्लाउडमधल्या किल्ल्या कोडमधून सांभाळायच्या आहेत: टेराफॉर्म, पुलुमी, क्लाउडफॉर्मेशन की बायसेप?

ही चारही साधनं क्लाउडमधल्या गोष्टी कोड लिहून उभ्या करतात; क्लाउडफॉर्मेशन ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसचं, बायसेप मायक्रोसॉफ्टच्या अझ्युरचं. यांतल्या कुठल्याही साधनाचं सुरुवातीचं उदाहरण उघडून बघा. पाच-सहा ओळी लिहिल्या, आज्ञा चालवली, एन्क्रिप्शनची किल्ली तयार. हे सगळ्यांनाच सारखं जमतं, म्हणून किल्ली किती सहज बनते यावरून साधन निवडण्यात अर्थ नाही. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: याच पाच-सहा ओळी उद्या कुणी पुसल्या तर काय होईल?

(कामाच्या ठिकाणी आपण सगळे ‘की’ म्हणतो, पण मराठी वाक्यात तो ‘की’ फार गोंधळ घालतो, म्हणून इथे किल्ली.)

सर्व्हर चुकून उडाला तर तोच कोड पुन्हा चालवून नवा उभा करता येतो. डेटाबेस गेला तर बॅकअप असतो. पण किल्ली गेली, तर डेटाबेस, त्याचा बॅकअप आणि त्या बॅकअपची दुसऱ्या रीजनमधली प्रत सगळं जागच्या जागी असूनही वाचता येत नाही. कोड पुन्हा चालवला तर त्याच टोपणनावाची किल्ली मिळते, पण तिच्या आतलं गुपित नवं असतं आणि जुना डेटा तिला ओळखत नाही. मोडलं तर पुन्हा उभारू, या भरवशावर ही सगळी पद्धत चालते आणि नेमका तोच भरवसा किल्लीपाशी संपतो. खालची तुलना त्यामुळे मुद्दाम एकांगी आहे. पुसण्याला जास्त जागा दिली आहे, बाकीच्याला कमी.

क्लाउड स्वतः किती उसंत देतो

साधनाच्या आधी क्लाउडचा विचार करावा लागतो, कारण शेवटची जाळी तिथे असते.

एडब्ल्यूएसच्या केएमएसमध्ये, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेत, किल्ली लगेच पुसता येतच नाही. 7 ते 30 दिवसांची मुदत द्यावी लागते, काही सांगितलं नाही तर 30. त्या काळात किल्ली वापरता येत नाही, पण पुसणं रद्द करता येतं. कल्पना अशी, की काहीतरी बंद पडेल, कुणीतरी ओरडेल आणि चूक लक्षात येईल. पण चालू मशीनला जोडलेली ईबीएस डिस्क ओरडत नाही. तिची डेटा-किल्ली आधीच उलगडून मशीनच्या बाजूला ठेवलेली असते, त्यामुळे मूळ किल्ली पुसायच्या रांगेत गेली तरी डिस्क निवांत चालत राहते. डिस्क काढून परत जोडायची वेळ येईल तेव्हा अपयश दिसतं. ती वेळ दोन महिन्यांनी आली, तर 30 दिवसांची उसंतही कधीच संपलेली असते. म्हणून चाचणीच्या खात्याबाहेर कुणी ही मुदत 7 वर आणली असेल, तर मी कोड परत पाठवतो.

गूगल क्लाउडमध्ये किल्लीच्या आवृत्त्या नष्ट होतात आणि त्याला साधारणपणे 30 दिवसांचा अवधी असतो. तो बदलायचा असेल तर किल्ली बनवतानाच, नंतर नाही. इथे टेराफॉर्मची वागणूक नीट समजून घ्या. की-रिंगचा (किल्ल्यांच्या जुडग्याचा) ब्लॉक काढला तर टेराफॉर्म ती फक्त आपल्या स्टेटमधून (काय काय बनवलं याच्या स्वतःच्या नोंदीतून) विसरतं, रिंग क्लाउडमध्ये तशीच राहते. पुढे त्याच नावाने पुन्हा बनवायला गेलात तर ‘आधीच अस्तित्वात आहे’ म्हणून अडतं. किल्लीचा ब्लॉक काढला तर मात्र तिच्या सगळ्या आवृत्त्या नष्ट होण्याच्या रांगेत जातात. एकाच फाइलमधल्या, एकमेकांखाली लिहिलेल्या दोन ब्लॉकांचे परिणाम इतके वेगळे आहेत.

अझ्युरमध्ये किल्ल्या ‘की व्हॉल्ट’ या तिजोरीत राहतात. तिथे पुसलेली वस्तू 7 ते 90 दिवस परत आणता येते, मूळ मुदत 90. ही सोय आता बंद करता येत नाही. ऐकायला हे सगळ्यांत सुरक्षित वाटतं, पण मोठा सापळाही इथेच आहे. व्हॉल्टवर ‘पर्ज प्रोटेक्शन’ लावलेलं नसेल तर पुसलेली वस्तू मुदतीआधी कायमची काढता येते. आणि टेराफॉर्मचा अझ्युर प्रोव्हायडर (अझ्युरशी बोलणारा त्याचा भाग), काही सांगितलं नाही तर, पुसल्यानंतर ते कायमचं काढण्याचं पाऊलही स्वतःच उचलतो. म्हणजे क्लाउडने दिलेले 90 दिवस एका न लिहिलेल्या सेटिंगपायी शून्य होतात. अझ्युर आणि टेराफॉर्म ही जोडी निवडत असाल, तर प्रोव्हायडरमधली ती सेटिंग्ज पहिल्याच दिवशी बंद करा आणि व्हॉल्टवर पर्ज प्रोटेक्शन लावा. एकदा लावलेलं पर्ज प्रोटेक्शन परत काढता येत नाही, म्हणून चाचणीचे व्हॉल्ट वेगळे ठेवा.

ओळ पुसली, तर आडवं कोण येतं?

टेराफॉर्ममध्ये आणि त्याच घराण्यातल्या ओपनटोफूमध्ये ‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’ असतं. किल्ली नष्ट होईल किंवा बदलून नवी बनेल असा प्लॅन (काय बदलणार याची आधी दाखवलेली यादी) आला की ते थांबवतं. बदलून नवी बनणं हा धोका काल्पनिक नाही: एडब्ल्यूएसच्या किल्लीचा प्रकार बदलला, किंवा ती अनेक रीजनांची करायला गेलात, तर टेराफॉर्म जुनी पुसून नवी बनवायचा बेत आखतं. तिथे हे कुंपण कामी येतं. पण ते त्याच ब्लॉकच्या आत लिहिलेलं असतं. फोल्डर आवरताना कुणी पूर्ण ब्लॉकच काढला, तर कुंपणही त्याबरोबर जातं आणि प्लॅन मुकाट्याने पुसण्याची ओळ दाखवतो. नव्वद ओळींच्या प्लॅनमध्ये ती एक ओळ नजरेतून सुटणं किती सोपं आहे, हे रोज प्लॅन वाचणाऱ्यांना सांगायला नको. किल्ली दुसरीकडे हलवायची असेल तर ‘मूव्ह्ड’ ब्लॉक वापरा. या साधनाच्या ताब्यातून सोडवायची पण जिवंत ठेवायची असेल तर 1.7 पासून मिळणारा ‘रिमूव्ह्ड’ ब्लॉक वापरा आणि त्यात नष्ट न करण्याचं स्पष्ट लिहा.

पुलुमीचं ‘प्रोटेक्ट’ दिसायला तसंच, पण त्याची खूण स्टेटमध्ये नोंदलेली असते. कोडमधून किल्ली गायब झाली तरी स्टेट म्हणतं, ही राखीव आहे, आणि पुलुमी चूक दाखवून थांबतं. आधी राखीवपणा काढावा लागतो, मगच पुसता येतं. दोन वेगळ्या कृती, दोन वेगळ्या वेळी. या एका बाबतीत पुलुमीची रचना मला टेराफॉर्मपेक्षा सरस वाटते.

क्लाउडफॉर्मेशन इथे अनपेक्षितपणे शहाणं आहे. किल्लीचा प्रकार, उपयोग किंवा बहु-रीजनपणा असा न बदलणारा गुणधर्म बदलायला गेलात, तर ते जुनी पुसून नवी बनवत नाही, बदलच नाकारतं. ‘डिलीशन पॉलिसी’ रिटेन (राखून ठेवा) अशी ठेवली तर टेम्प्लेटमधून काढलेली किल्ली खात्यात जिवंत राहते. ते लिहिलं नाही तर मात्र ती पुसायच्या रांगेत जाते. सीडीके (प्रोग्रॅमिंग भाषेतून क्लाउडफॉर्मेशनचे टेम्प्लेट बनवणारं एडब्ल्यूएसचं साधन) वापरत असाल तर त्याच्या वरच्या पातळीच्या की क्लासमध्ये रिटेन आधीपासूनच असतं. याची किंमत म्हणजे मालक नसलेल्या किल्ल्या खात्यात साचत जातात. मला ती किंमत मान्य आहे.

बायसेपला स्टेट फाइलच नाही. नेहमीच्या पद्धतीच्या डिप्लॉयमेंटमध्ये कोडमधून काढलेली गोष्ट अझ्युरमध्ये तशीच राहते. किल्ली आधीच असेल तर तो मार्ग तिला हातही लावत नाही, असलेली किल्ली परत देतो. सुरक्षित, पण याची दुसरी बाजू अशी की कोडमध्ये किल्लीचा आकार बदललात, डिप्लॉयमेंट यशस्वी झाली आणि प्रत्यक्षात काहीच बदललं नाही. बायसेप निवडलंत तर कोड म्हणजेच वस्तुस्थिती असं धरून चालू नका.

खरं कुंपण मात्र या साधनांच्या बाहेर असावं असं माझं ठाम मत आहे. पाइपलाइन (कोड आपोआप लागू करणारी व्यवस्था) ज्या रोलने चालते त्याला किल्ली पुसण्याची परवानगीच देऊ नका. एडब्ल्यूएसमध्ये पुसण्याची मुदत ठरावीक दिवसांपेक्षा कमी देता येणार नाही अशी अटही परवानगीत घालता येते. मग वरचं कुठलंही साधन चुकलं तरी विनंती क्लाउडच्या दारातच अडते.

परवानग्या

एडब्ल्यूएसची किल्ली स्वतःची पॉलिसी बाळगते आणि तीच अंतिम असते. खात्याला अधिकार देणारं विधान तुम्ही त्या पॉलिसीतून गाळलंत, तर आयएएममध्ये (खात्याच्या परवानग्यांच्या सेवेत) कितीही परवानग्या लिहा, त्या किल्लीपुरत्या त्या लागू होत नाहीत. बदल करणाऱ्याने स्वतःलाच बाहेर कोंडून घेऊ नये म्हणून केएमएस एक तपासणी करतं. ती वगळायचा पर्याय टेराफॉर्म आणि क्लाउडफॉर्मेशन दोन्हींत आहे. तो वापरू नका. गूगलच्या बाजूला टेराफॉर्ममधले तीन प्रकार सारखे दिसतात, पण ‘मेंबर’ एक माणूस जोडतं, ‘बाइंडिंग’ त्या भूमिकेची पूर्ण यादी आपल्या ताब्यात घेतं आणि ‘पॉलिसी’ सगळंच बदलतं. यादीत नसलेल्या दुसऱ्या चमूचा प्रवेश मग आपोआप जातो. किल्ल्यांसाठी ‘मेंबर’ने सुरुवात करा.

अझ्युरमध्ये एक मुद्दा निवडीवर थेट परिणाम करतो. टेराफॉर्म किल्ली बनवताना व्हॉल्टशी प्रत्यक्ष बोलतं. व्हॉल्ट खाजगी नेटवर्कमागे असेल, तर पाइपलाइनचं मशीनही त्या नेटवर्कच्या आत लागतं. बायसेप अझ्युरच्या व्यवस्थापन स्तरातून जातं, त्याला ही अडचण येत नाही. नेटवर्क कडक असलेल्या ठिकाणी एवढ्या एका कारणासाठी किल्ल्यांचा भाग बायसेपमध्ये ठेवणं मला योग्य वाटतं.

स्टेटमध्ये काय उतरतं

केएमएसने स्वतः बनवलेल्या किल्लीचं गुपित स्टेटमध्ये येत नाही, फक्त तिची ओळख आणि सेटिंग्ज येतात. बाहेरून आणलेली किल्ली मात्र वेगळी. टेराफॉर्मच्या एडब्ल्यूएस प्रोव्हायडरमध्ये बाहेरच्या किल्लीचं द्रव्य (तिच्या आतलं गुपित) थेट देता येतं आणि ते स्टेट फाइलमध्ये उघडं पडतं. तसं करू नका. रिकामी किल्ली कोडमधून बनवा आणि द्रव्य वेगळ्या, नोंद ठेवलेल्या प्रक्रियेने भरा.

स्टेट एन्क्रिप्ट करायची सोय ओपनटोफूने 2024 मध्ये 1.7 आवृत्तीत आणली, केएमएसच्या आधारासकट. पुलुमी गुपित म्हणून खूण केलेली मूल्यं स्टेटमध्ये एन्क्रिप्ट करूनच ठेवतं. टेराफॉर्म हे काम स्टेट जिथे साठवलं त्या जागेवर सोपवतं. काहीही निवडा, पण ज्या किल्लीने स्टेट एन्क्रिप्ट होतं ती त्याच स्टेटमध्ये सांभाळू नका. पेटीची किल्ली पेटीतच राहील.

किल्ली फिरवणं

किल्ली फिरवणं म्हणजे ठरावीक काळाने तिच्या आतलं गुपित नवं करणं. इथे फार फरक नाही. एडब्ल्यूएसमध्ये 90 ते 2560 दिवसांतला कुठलाही काळ ठरवता येतो, एरवी 365. टेराफॉर्म आणि क्लाउडफॉर्मेशन दोन्हींत ही सोय मुळात बंद असते, ती आठवणीने लावा. अझ्युरमध्ये इतर सेवांना किल्लीचा पत्ता देताना आवृत्ती नसलेला पत्ता द्या, नाहीतर नवी आवृत्ती येईल आणि सेवा जुनीलाच चिकटून राहील. आणि किल्ली फिरवली म्हणून जुना डेटा नव्याने एन्क्रिप्ट होत नाही. गूगलमध्ये जुन्या आवृत्त्या ‘साफ’ करायची घाई याच कारणाने महागात पडते.

मग घ्यायचं काय?

फक्त एडब्ल्यूएस असेल तर किल्ल्यांपुरतं सीडीके किंवा क्लाउडफॉर्मेशन. बाकी सगळं टेराफॉर्ममध्ये असलं तरी चालेल, ते किल्लीला टोपणनावाने शोधून वापरू शकतं. फक्त अझ्युर आणि बंदिस्त नेटवर्क असेल तर बायसेप. दोन-तीन क्लाउड असतील आणि चमूला प्रोग्रॅमिंगची सवय असेल तर पुलुमी. अनेक क्लाउड आणि आधीपासून टेराफॉर्मची सवय, तर तेच चालू ठेवा, पण किल्ल्यांचं स्टेट आणि रेपो वेगळं करा, म्हणजे ॲप्लिकेशनची आवराआवर तिथवर पोहोचणार नाही. टेराफॉर्मचा परवाना 2023 मध्ये बदलला, ते तुमच्या संस्थेला अडचणीचं असेल किंवा स्टेट एन्क्रिप्ट करणं बंधनकारक असेल, तर ओपनटोफू.

ठरवण्याआधी एक दुपार द्या. रिकाम्या चाचणी खात्यात उमेदवार साधनाने किल्ली बनवा, तिने एक छोटी फाइल एन्क्रिप्ट करा, मग कोडमधून पूर्ण ब्लॉक काढा आणि साधन काय म्हणतं ते चमूसोबत वाचा. त्याने अडवलं नाही तर किल्ली पुसायच्या रांगेत जाऊ द्या आणि परत आणून दाखवा. एडब्ल्यूएसमध्ये पुसणं रद्द केल्यावर किल्ली बंद अवस्थेत येते, ती वेगळी चालू करावी लागते. टेराफॉर्मचं स्टेट तोवर तिला विसरलेलं असतं, तिथे ती पुन्हा इंपोर्ट करावी लागते. ती फाइल परत उघडेपर्यंत किती पायऱ्या लागल्या आणि त्यातली कुठली पायरी कुणालाच माहीत नव्हती, ते लिहून ठेवा.