जुन्या माउंटन बाइकला ६८ × १२७.५ चं कार्ट्रिज बीबी: काही महिने चालवल्यावर

बाइक १९९० च्या आसपासची, स्टीलची. शेल, म्हणजे फ्रेमची तळाची आडवी नळी, ६८ मिमी, इंग्लिश आटे, पाच हातांचा ११०/७४ ट्रिपल क्रँक (हे आकडे चेनरिंगच्या बोल्टांच्या वर्तुळांचे व्यास, मिमीमध्ये), चौकोनी टेपर, म्हणजे क्रँक बसतो ते स्पिंडलचं निमुळतं चौकोनी टोक. मूळचं बॉटम ब्रॅकेट (बीबी), म्हणजे शेलमधला क्रँकचा आस आणि त्याची बेअरिंग, कप आणि सुट्या छर्ऱ्यांचं होतं. स्पिंडलची, म्हणजे आसाची, एकूण लांबी १२४ मिमी. कोनच्या जागी, म्हणजे स्पिंडलवर छर्रे फिरतात तिथे, खड्डे पडले होते, त्यामुळे ग्रीस बदलून भागणार नव्हतं. त्याऐवजी आता सीलबंद कार्ट्रिज आहे: शेल ६८ × स्पिंडल १२७.५ मिमी, जेआयएस (जपानी मानक) टेपर, शिमानोच्या वीस खाचांच्या पान्याने बसणारं.

काही महिन्यांनंतर निकाल चांगला आहे. क्रँक हाताने फिरवला तर खरखर नाही, बाजूला हलवला तर ढिलाई नाही, चेन क्रँकच्या तिन्ही दातेरी चकत्यांवर, म्हणजे चेनरिंगवर, बिनबोभाट चढते-उतरते. पण यात बेअरिंगचं श्रेय थोडं आणि मापाचं जास्त. बरोबर लांबीचं साधं बीबी चुकीच्या लांबीच्या महागड्या बीबीपेक्षा कितीतरी बरं.

जुनं स्पिंडल १२४ चं असताना १२२.५ सोडून १२७.५ का घेतलं, हा प्रश्न बहुतेकांना पडेल. जुनी कप-कोन स्पिंडलं बऱ्याचदा दोन्ही बाजूंना सारखी नसतात, उजवी बाजू लांब असते. आजची बहुतेक कार्ट्रिज मात्र सममित असतात. त्यामुळे स्पिंडलवरचा आकडा किंवा एकूण लांबी पाहून खरेदी केली की हमखास फसायला होतं. दोन्ही क्रँक काढा आणि शेलच्या कडेपासून स्पिंडलच्या टोकापर्यंतचं अंतर व्हर्नियरने दोन्ही बाजूंना वेगवेगळं मोजा. स्पिंडल उपसण्याआधीच हे करायचं. इथे उजवीकडे २९.५ आणि डावीकडे २६.५ भरलं. उजवीकडचं अंतर दुप्पट करून त्यात शेलची रुंदी मिळवायची: ५९ अधिक ६८, म्हणजे १२७. सममित कार्ट्रिजमध्ये याच्या सगळ्यात जवळचं माप १२७.५.

१२२.५ घेतलं असतं तर चेनरिंग सव्वादोन मिमी आत सरकल्या असत्या. ऐकायला कमी वाटतं, पण जुन्या फ्रेमवर लहान चेनरिंग आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) यांच्यात मुळातच तीन-चार मिमीची फट असते. फ्रेम जोर लावल्यावर किंचित वाकते, तेव्हा दात रंगाला आणि मग नळीला घासायला लागतात. शिवाय फ्रंट डिरेलर, म्हणजे चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर ढकलणारा भाग, सीट ट्यूबला टेकून अडतो आणि लहान चेनरिंगवर चेन उतरतच नाही. त्याची आतली मर्यादा ठरवणारा स्क्रू कितीही ढिला केला तरी फरक पडत नाही, कारण अडथळा स्क्रूचा नसतो.

१२७.५ चा तोटा डाव्या बाजूला दिसतो. डावा क्रँक आधीपेक्षा सव्वातीन मिमी बाहेर गेला आहे. सुरुवातीला पायाला जाणवतं, मग विसरायला होतं. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी मात्र याचा आधीच विचार करावा.

जुनं स्पिंडल हाती नसेल तर चेनलाइनवरून, म्हणजे चेनरिंग फ्रेमच्या मध्यापासून किती बाहेर आहेत त्यावरून, माप काढावं लागतं. त्या काळच्या माउंटन ट्रिपलसाठी ४७.५ मिमी हे धरून चालायचं माप: सीट ट्यूबच्या मध्यापासून मधल्या चेनरिंगच्या दातांच्या मध्यापर्यंत. ट्यूब २८.६ मिमीची असेल तर तिच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून दातांच्या मध्यापर्यंत ३३.२ भरायला हवं. एखाद्याकडून कुठल्याही मापाचं जेआयएस बीबी उसनं आणा, क्रँक चढवून मोजा आणि जितका फरक असेल त्याच्या दुप्पट लांबी वाढवा किंवा कमी करा. दुप्पट यासाठी की वाढलेली लांबी दोन बाजूंना निम्मी निम्मी वाटली जाते. बाजारात साधारण १०७, ११०, ११३, ११५, ११८, १२२.५ आणि १२७.५ ही मापं असतात. ढोबळमानाने, ११०/७४ वाले जुने क्रँक लांब स्पिंडल मागतात आणि नव्वदीच्या मध्यात आलेले ९४/५८ वाले छोटे क्रँक आखूड. पण ढोबळमानावर पैसे घालवू नयेत.

टेपरबद्दल थोडक्यात. जपानी क्रँक जेआयएस, कॅम्पाग्नोलोचे आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक). उतार दोन्हींचा सारखाच, पण आयएसओ स्पिंडलचं टोक बारीक. आयएसओ क्रँक जेआयएस स्पिंडलवर चार-पाच मिमी बाहेरच अडकतो. उलट केलं तर क्रँक जास्त आत जातो आणि बोल्ट कितीही आवळला तरी घट्ट बसत नाही. क्रँक बसवल्यावर आत डोकावून पाहा: स्पिंडलचं टोक बोल्टचा वॉशर बसतो त्या कडेच्या थोडं मागे असायलाच हवं. ते कडेला आलं असेल तर बोल्ट क्रँकला न दाबता स्पिंडलवरच आवळला जातो. वारंवार काढघाल झालेल्या ॲल्युमिनियमच्या क्रँकचं चौकोनी भोक पसरलेलं असतं, तिथे हे हमखास होतं. असा क्रँक नव्या बीबीवरही सुटणारच.

शेलची रुंदी रंग खरवडून मोजा. ६८ आणि ७३ ची कार्ट्रिज वेगळी असतात, आणि अंदाज चुकला तर डावा कप एकतर आत बुडतो नाहीतर बाहेर राहतो. ७० भरली तर थांबा: ते बहुधा इटालियन, ३६ मिमी व्यासाचं, दोन्ही बाजूंना सरळ आटे. माउंटन बाइकवर क्वचितच भेटतं. क्लाइन, मर्लिन आणि फॅट चान्स यांच्या काही जुन्या फ्रेममध्ये आटेच नसतात, बेअरिंग थेट शेलमध्ये दाबलेली असतात. तिथे या लेखातलं काहीही लागू नाही. आणि फ्रंट डिरेलर बीबीच्या कपाखाली पकडलेल्या पट्टीवर असेल, म्हणजे ई-टाइप, तर त्या पट्टीची जाडी हिशेबात धरा.

बसवण्यापेक्षा जुनं काढणं अवघड. इंग्लिश आट्यांत उजवा कप उलट्या आट्यांचा असतो: सुटायला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. हे माहीत नसल्यामुळे कित्येक कप उलट आणखी आवळले गेलेत. जुन्या फिक्स्ड (उजव्या) कपावर ३६ मिमीचे दोन सपाट भाग असतात, तेही इतके पातळ की पाना निसटतो आणि कडा गोल होतात. पाना कपावर धरून शेलमधून आरपार एक लांब बोल्ट घाला, दोन्ही टोकांना मोठे वॉशर टाकून नट आवळा आणि मगच जोर लावा. भेदक तेल आदल्या रात्री, सीट ट्यूबमधून आतल्या बाजूनेही सोडायचं.

शेल रिकामी झाली की तळाचं पाण्याचं भोक मोकळं करा. इथे ते गंज आणि वाळलेल्या ग्रीसने पूर्ण बंद होतं. छर्ऱ्यांचं नुकसान पावसापेक्षा या साचलेल्या पाण्यानेच जास्त होतं. आटे ब्रशने साफ करून भरपूर ग्रीस लावा. कार्ट्रिजचं अंग उजवीकडून, काट्यांच्या उलट दिशेने हाताने फिरवत न्या. हाताने चार-पाच फेरे जात नसेल तर आटे तिरके लागलेत किंवा आत रंग आहे. पान्याने जबरदस्ती केली की फ्रेम गेली. उजवीकडे कॉलर शेलला टेकण्याआधीच डावा कप थोडा लावून ठेवा, म्हणजे अंग मध्यावर राहतं. मग उजवी बाजू पूर्ण आवळा, नंतर डावी, ५० ते ७० न्यूटन मीटर. क्रँकचे बोल्ट ३५ ते ५०.

या बीबीची एकच खरी तक्रार आहे: डावा कप प्लास्टिकचा. आवळताना पाना तिरका झाला तेव्हा दोन खाचा चुरगळल्या. चालताना त्याने काही बिघडत नाही, पण काढायच्या वेळी हाच कप रडवणार. उपाय सोपा आहे: पाना क्रँकच्याच बोल्टने आणि मोठ्या वॉशरने स्पिंडलला बांधून टाकायचा, मग तो निसटत नाही. धातूचा कप असलेलं मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देणं योग्य.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर क्रँकचे बोल्ट पुन्हा तपासले तेव्हा डावा किंचित फिरला, त्यानंतर हलला नाही. मध्ये जोर लावल्यावर टक्‌-टक्‌ असा आवाज यायला लागला होता. अशा वेळी लगेच बीबीला दोष देऊ नये. दोन्ही क्रँक धरून आडवे हलवा: दोन्ही एकत्र हलले तर बेअरिंग किंवा कप, एकच हलला तर टेपर. इथे काहीच हललं नाही. आवाज चेनरिंगच्या कोरड्या बोल्टांचा निघाला, ग्रीस लावून आवळल्यावर गेला.

चिखलपाण्यातून काढल्यावरही सील कोरडं आहे, फिरण्यात फरक नाही. अर्थात कार्ट्रिज उघडून दुरुस्त करता येत नाही. खरखर सुरू झाली की आख्खं बदलायचं. कप-कोनला हवं तेव्हा उघडून पाव इंची छर्रे, प्रत्येक बाजूला अकरा, नवे घालता येतात, आणि ज्यांना दरवर्षी ते करायला आवडतं त्यांनी कोन चांगले असतील तर जुनंच ठेवावं. आटे गेलेल्या शेलसाठी आतून फाकून घट्ट बसणारी बिनआट्यांची बीबी मिळतात. २४ मिमी स्पिंडलचा बाहेरच्या बेअरिंगचा क्रँकही या शेलला लागतो, ६८ ला सहसा उजवीकडे दोन आणि डावीकडे एक असे अडीच मिमीचे स्पेसर टाकून. पण मग जुना क्रँक, त्याच्या चेनरिंग आणि बाइकचं रूप, तिन्ही सोडावी लागतात.