फुकट शिलाई कोर्स, पीएमकेव्हीवाय सेंटर : शिकवणं झकास, नोकरीचं विसरा (५ पैकी ३)

रिव्ह्यू उशिरा टाकतेय कारण कोर्स माझ्या धाकट्या जाऊबाईंनी केला तो २०१९ ला, तेव्हा पीएमकेव्हीवाय (प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना, केंद्र सरकारची फुकट ट्रेनिंगची) २.० म्हणजे दुसरा टप्पा चालू होता. पण सेंटर अजून आमच्या तालुक्यात आहे, बोर्ड तेवढा बदललाय, आणि ओळखीतल्या बायका सारख्या विचारतात की "ताई, घालू का मुलीला तिथं?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. नाव घेत नाही, उगाच भांडण नको.

आधी चांगलं सांगते. फी खरंच शून्य, नंतर कुठल्या नावाखाली एक रुपया मागितला नाही. बॅग, डायरी, जॅकेट, आयकार्ड सगळं मिळालं. शिकवणाऱ्या बाई एक नंबर होत्या, स्वतःचं टेलरिंगचं दुकान चालवून इथं यायच्या, त्यामुळे पुस्तकी कमी आणि हाताचं जास्त. जाऊबाईंना आधी फॉल-पिको सोडून काही येत नव्हतं, कोर्स संपेपर्यंत अस्तराचा ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस शिवायला लागल्या. बाई कागदावर कटिंग करून घ्यायच्या, मुंढा चुकला की उसवायला लावायच्या, उगाच छान छान म्हणायच्या नाहीत.

आता बाकीचं. ओव्हरलॉक मशीन होतं पण त्याचं प्लास्टिक कव्हर कोर्सभर निघालं नाही. विचारलं तर म्हणे इन्स्पेक्शनच्या यादीत आहे, खराब झालं तर प्रॉब्लेम. म्हणजे दाखवायला मशीन आणि शिकायला पायडल! अंगठ्याची हजेरी मात्र एकदम कडक, शेतात काम करणाऱ्या एका पोरीचा अंगठा उमटायचाच नाही तर तिला साबणाने हात धुवून पुन्हा पुन्हा लावायला लावायचे, वर्ग थांबला तरी चालेल पण हजेरी लागली पाहिजे. परीक्षा जवळ आली तशी शिलाई बंद आणि प्रश्नोत्तरांची घोकंपट्टी सुरू. सर्टिफिकेट आलं आणि सेंटर गायब. पुढे काही महिन्यांनी फोन आला की स्वयंरोजगाराचा फॉर्म भरायचाय, मशीनसमोर बसलेला फोटो पाठवा. जाऊबाईंकडे तेव्हा मशीनच नव्हतं, तर म्हणे शेजारणीचं असेल ना, तिथं बसा.

मी एका सीएकडे अकाउंट्स बघते, त्यामुळे मला हे असं का होतं ते बघायची खाज होतीच. सरकार या सेंटरना पगार किंवा भाडं देत नाही, विद्यार्थ्यामागे तासाला दर देतं. २०१५ च्या कॉमन कॉस्ट नॉर्म्समध्ये (म्हणजे सरकारने ठरवलेल्या ट्रेनिंगच्या दरांच्या नियमांत) कामाच्या प्रकारानुसार ताशी ३८.५०, ३३ आणि २७.५० रुपये असे तीन दर होते, पुढे वाढत गेले. आणि २.० मध्ये हे पैसे तीन हप्त्यांत : बॅच सुरू झाली की ३० टक्के, पोरं पास होऊन सर्टिफिकेट मिळालं की ५०, आणि नोकरीला लागली की उरलेले २०. समजा ३०० तासांचा कोर्स, ३० जणींची बॅच आणि सगळ्यात खालचा दर, तर होतात २,४७,५०० रुपये. त्यातले १,९८,००० परीक्षेपर्यंतच मोकळे होतात. नोकरीवर लटकलेले फक्त ४९,५००, आणि तेही ७० टक्के पोरी कामाला लागल्या तर पूर्ण, त्याखाली प्रमाणात, ५० टक्क्यांच्याही खाली गेलं तर काहीच नाही.

आता सेंटरवाल्याच्या खुर्चीत बसून बघा. आमच्याकडे गारमेंटची फॅक्टरी नाही. नोकरी म्हणजे पुणे नाहीतर भिवंडी, तिथं खोली, जेवण, आणि घरचे पाठवणार का हा वेगळाच विषय. एवढा उपद्व्याप करून निम्म्या तरी लागतील याची खात्री नाही, मग तो माणूस शेवटचे २० टक्के सुरुवातीलाच सोडून देतो आणि ८० मध्ये धंदा बसवतो. हजेरी आणि परीक्षा यावर सगळा जीव, कारण पैसा तिथं आहे, नोकरीच्या नावाला तो एक फोटो. मला त्याचा राग येतो पण गणित कळतं. त्यात हप्ते वेळेवर येत नाहीत अशी त्याची रड होती, आणि त्या रडीचा फटका शिकवणाऱ्या बाईंना, त्यांचा पगार दर वेळी "वरून आले की देतो". पुढच्या बॅचला त्या नव्हत्याच.

आणि हे फक्त आमच्या गावचं नाही हो. डिसेंबर २०२५ मध्ये कॅगचा (सरकारी खर्चाचं ऑडिट करतात ते) या योजनेवरचा रिपोर्ट संसदेत आला, त्यात २०१५ ते २०२२ पर्यंतचं तपासलंय. २.० आणि ३.० च्या ९४.५३ टक्के नोंदींमध्ये बँक खात्याच्या रकान्यात शून्य, 'नल' (null) असलं काहीतरी किंवा चक्क कोरं! एकच फोटो वेगवेगळ्या लोकांच्या नावावर. शॉर्ट टर्म म्हणजे अशा छोट्या कोर्सच्या सर्टिफाइड लोकांपैकी नोकरी लागलेले ४१ टक्के. तो शेजारणीच्या मशीनचा फोटो आठवला आणि मी जाऊबाईंना फोन करून हसले, त्या काही हसल्या नाहीत.

सरकारी आयटीआय बरं का? मुलीकडे वर्ष असेल आणि घरून सोडत असतील तर माझ्या मते हो, तिथला खर्च सरकारी बजेटमधून होतो, शिक्षकांचा पगार बॅचच्या हप्त्यावर अडकत नाही, सर्टिफिकेटलाही वजन आहे. फक्त तिथं निदेशकांच्या म्हणजे शिकवणाऱ्यांच्या जागा रिकाम्या असतात, आपल्या ट्रेडला माणूस आहे का ते आधी बघून या.

२०२२ पासूनच्या ४.० मध्ये तर नोकरीचा पाठपुरावा पूर्वीसारखा नाहीच, सरकारने संसदेत सांगितलंय की भर उमेदवाराला आपली वाट निवडता यावी यावर आहे. म्हणजे सेंटरवाला "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणाला तर सरळ मागच्या बॅचच्या चार पोरींचे नंबर मागा. तीन स्टार शिकवण्याचे आणि फुकट असल्याचे, दोन कापले ते नोकरीच्या थापांचे. शिलाई शिकून घरी चार पैसे कमवायचे असतील तर बिनधास्त जा, जाऊबाईंना लग्नसराईत आता जेवायला फुरसत नसते. कापड आणि कात्री घरची न्या, तिथली कात्री बोथट आहे, आणि बॅच सकाळचीच घ्या, दुपारी लाइट जाते.