प्रिल की सार्टन? बीपीची गोळी ठरवताना

रामिप्रिल, एनालाप्रिल हे बीपीच्या गोळ्यांचं एक घराणं, म्हणजे प्रिल. लोसार्टन, टेल्मिसार्टन, वलसार्टन हे दुसरं, म्हणजे सार्टन. दोघांचा रोख एकाच रसायनावर आहे. ते म्हणजे रक्तवाहिन्या आवळणारं आणि शरीरात मीठ-पाणी धरून ठेवायला लावणारं अँजिओटेन्सिन-२. प्रिल ते तयारच होऊ देत नाहीत. सार्टन तयार होऊ देतात, पण ते पेशीवरच्या ज्या जागेवर (रिसेप्टरवर) जाऊन काम करतं ती जागाच अडवून धरतात.

रोजच्या त्रासातला फरक इथूनच सुरू होतो. प्रिल ज्या एन्झाइमला रोखतात, तेच एन्झाइम शरीरातलं ब्रॅडिकायनिन नावाचं रसायनही मोडत असतं. ते साचलं की काहींना कोरडा खोकला लागतो. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात खवखव. कितीतरी जण खोकल्याच्या बाटल्या संपवतात, एक्स-रे काढतात, पण बीपीच्या गोळीचा संशय कुणालाच येत नाही. गोळी बदलल्यावरही खोकला जायला काही आठवडे लागू शकतात. क्वचित ओठ, जीभ सुजते. तसं झालं तर तडक रुग्णालय गाठायचं, आणि प्रिल पुन्हा कधीच घ्यायची नाही. सार्टनमध्ये हे दोन्ही त्रास बरेच कमी.

मग गुणाला सार्टन कमी पडतात का? २००८च्या ऑनटार्गेट चाचणीत हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या २५,६२० जणांमध्ये टेल्मिसार्टन रामिप्रिलच्या बरोबरीचं ठरलं. दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र जादा फायदा झाला नाही. चक्कर आणि किडनीचे त्रास तेवढे वाढले. त्यामुळे दोन्ही गोळ्या सोबत घेण्याचा विचार सोडूनच द्यावा.

नुसत्या रक्तदाबासाठी नव्यानं सुरुवात असेल तर माझा कौल सार्टनला. प्रिल सोसत असेल, खोकला नसेल, तर बदलायचं कारण नाही. सार्टनमध्ये टेल्मिसार्टनचा असर दिवसभर टिकतो. लोसार्टन युरिक ॲसिड थोडं उतरवतं, म्हणून गाऊट (युरिक ॲसिड वाढून होणारी सांधेदुखी) असलेल्यांनी त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

हृदयाची पंपिंग कमी झाली असेल तर गणित बदलतं. तिथे प्रिलचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. पण २०१४च्या पॅराडाइम चाचणीत वलसार्टन आणि सॅक्युबिट्रिल (हे प्रिल घराण्यातलं नाही) यांची जोडगोळी एनालाप्रिलपेक्षा सरस ठरली. प्रिलवरून या जोडगोळीवर येताना मध्ये ३६ तासांचं अंतर लागतं, नाहीतर ओठ-जिभेच्या त्या सुजेचा धोका वाढतो.

गरोदरपणात दोन्ही घराणी वर्ज्य. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा. दोन्हींनी पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम तपासून घ्यावं. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियमच असतं, तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.