लाकडी माडीवरच्या बाथरूमसाठी सिमेंट बोर्ड घेतला, दोन पावसाळे झाले, आता लिहितो

आमचं घर नागपूरच्या महाल भागातलं, जुनं, वरची माडी अजून लाकडाचीच आहे, सागाच्या कड्या न् त्यावर फळ्या. बाथरूम पण वरच, पाच बाय सहाचं. आधीच्या ठेकेदारानं (नाव नाही लिहित) फळ्यांवर डायरेक्ट पन्नी अंथरून दोन इंच मसाला ओतला, टाईल्स लावल्या अन् मोकळा झाला. दोन इंच मसाला म्हणजे एवढ्याशा बाथरूमवर अडीच-तीनशे किलो वजन, ते कड्यांनी कसं पेलायचं बाप्पा? पहिल्याच मे महिन्यात सांध्यांना चिरा पडल्या, अन् मारबतची मिरवणूक बघायला पाव्हणे आले त्या दिवशी लागोपाठ सात-आठ आंघोळी झाल्यावर खाली देवघरावर टपटप सुरू. आई दिवसभर बोलली नाही कोणाशी.

तर या वेळी टाईल्सखाली टाकायला लकडगंजातून 8 मिमीचा फायबर सिमेंट बोर्ड आणला. दुकानदार म्हणे, "भाऊ, पूर्ण वॉटरप्रूफ आहे, बिनधास्त टाका न." हे साफ चूक आहे अन् माझे दीड स्टार इथेच कापले. बोर्ड ओला झाला तर सडत नाही, प्लायसारखा फुगत नाही, एवढं खरं, पण पाणी त्यातून झिरपतंच, त्यामुळे वरून वॉटरप्रूफिंगचा लेप लावावाच लागतो. दुसरं म्हणजे बोर्डानं जमीन कडक होत नाही. हे मला मिस्त्रीनं सांगितलं, दुकानदारानं नाही.

कडकपणाचं आम्ही असं पाहिलं, फळ्यांवर काठोकाठ पाण्याचा तांब्या ठेवला अन् भाच्याला बाजूला उड्या मारायला लावल्या. निम्मं पाणी बाहेर! हिशोब असा सांगतात की सिरॅमिक टाईलखालची कडी तिच्या लांबीच्या 360व्या भागापेक्षा जास्त वाकायला नको, म्हणजे दहा फुटाच्या कडीला साधारण 8 मिमी, अन् संगमरवर वगैरे टाकायचा असेल तर त्याच्याही अर्ध्यावर. मग कड्यांच्या मधे आडवे ठोकळे मारले, पेचकस टोचून पाहिला तर नहाणी ट्रॅपजवळच्या दोन फळ्या लोण्यासारख्या, त्या बदलल्या, जुने खिळे दाबून सगळीकडे स्क्रू मारले. त्यावर 19 मिमी मरीन प्लाय, आयएस 710 (मरीन प्लायचा मानक क्रमांक) छापलेला पाहूनच घेतला, अन् खाली निमुळत्या पट्ट्या देऊन ढाळ तिथेच काढला. नंतर मसाल्यानं ढाळ द्यायचा म्हटलं की पुन्हा तेच वजन. पुन्हा तांब्या ठेवला तर पाणी नुसतं थरथरलं.

बोर्ड बसवायला सोपा आहे. खाचेच्या थापीनं प्लायवर अ‍ॅडेसिव्ह ओढायचं अन् ते ओलं असतानाच बोर्ड दाबून दर आठ इंचावर स्क्रू. हे अ‍ॅडेसिव्ह चिकटवायला नाही, खालची पोकळी भरायला असतं, म्हणून कंजूषी नको. दोन बोर्डांमधे 3 मिमी फट, प्लायचा जोड अन् बोर्डाचा जोड एकावर एक येऊ द्यायचा नाही, फटीवर जाळीची टेप. पीओपीवाले काळे स्क्रू वापरू नका, आमच्या चार-पाचांच्या मुंड्याच तुटल्या, शेवटी स्टीलचे आणले. कटरनं कापला तर धूळ भयंकर उडते अन् ती छातीला वाईट, त्यापेक्षा ब्लेडनं रेघ ओढून मोडा, सरळ मोडतो. अख्खी शीट तीसेक किलोची, आमच्या अरुंद जिन्यातून चढवताना दोघांची पार वाट लागली.

लेपाचे दोन हात, एक उभा एक आडवा, कोपऱ्यात कापडी पट्टी, भिंतीवर फूटभर वर. मग ट्रॅप बंद करून 24 तास पाणी भरून ठेवलं अन् मी रात्री दोनदा टॉर्च घेऊन खालून छत पाहून आलो. कोरडं. टाईलसाठी एस1 लिहिलेलं लवचिक अ‍ॅडेसिव्ह घ्या, थोडं महाग पडतं पण नागपुरात मेमधे 45 डिग्रीला लाकूड आकसून राहते अन् जूनच्या शेवटी फुगून राहते, साधं अ‍ॅडेसिव्ह ही ओढाताण सहन करत नाही. भिंत अन् फरशीच्या कोपऱ्यात ग्राऊट भरायचा नाही, तिथे सिलिकॉन.

दोन पावसाळे अन् दोन उन्हाळे झाले, केसाएवढीही चीर नाही. बोर्ड प्लायच्या निम्म्याहून स्वस्त पडला. साडेतीन स्टार. एकच लक्षात ठेवा, जमीन दीड इंच वर येते, आम्ही हे आधी मोजलंच नाही, दार उघडेना म्हणून खालून कापावं लागलं अन् आता पाणी अडवायला उंबऱ्यावर ग्रॅनाईटची पट्टी लावली आहे तर तिला रोज कोणाचा ना कोणाचा अंगठा लागतोच.