फोटो 'लार्ज'मध्ये काढावा की 'स्मॉल'मध्ये?

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात फोटोच्या आकाराचं सेटिंग 'लार्ज' ठेवलं की फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा येतो, म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपके. 'स्मॉल'मध्ये साधारण ३००० × २०००. आकडे निम्मे दिसतात, पण लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या झाल्याने पिक्सेल उरतात पाव, ६० लाख.

हे ६० लाख कमी नाहीत बरं का. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर १० × ६.६ इंचांची सुबक प्रिंट निघते. अल्बमच्या ४ × ६ ला १८०० × १२०० सुद्धा पुरतात. फोटो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असतील, कार्डात जागा कमी असेल, तर स्मॉल खुशाल वापरा.

तरीही मी लार्जच ठेवते. लग्नातल्या ग्रुप फोटोतून पुढे कधीतरी आजीचा एकटीचा चेहरा कापून फ्रेम करावासा वाटतोच. लार्जमध्ये तो ४०० पिक्सेल रुंद असेल, तर स्मॉलमध्ये २००च. प्रिंटवर पाऊण इंचही नाही. ताणून मोठा केला की आधी पापण्या पुसट होतात, मग नथीचे मोती एकमेकांत मिसळून नुसता पांढरा डाग उरतो.